पावसात अबोली विटकरी, दुरुस्तीनंतर पिवळट: कॅलिब्रेशनचा कर्व्ह नेमका एकदाच लागतोय का, हे तपासण्याची रीत

गोव्यातल्या फोंड्यात आमचा छोटा डिजिटल छापखाना आहे. लग्नपत्रिका, जत्रेच्या पत्रिका, नाटकांची हँडबिलं, चवथीच्या दिवसांत सार्वजनिक गणपतीचे फलक, असं काम. गेली काही वर्षं जूनचा दुसरा आठवडा उजाडला की एक तक्रार ठरलेली. मे महिन्यात ज्या फाइलवरून पत्रिका सुरेख उतरल्या तीच फाइल, तोच ३०० जीएसएमचा आर्ट पेपर, तेच मशीन. पण पत्रिकेच्या कडेने काढलेला अबोलीचा वळेसर (गजरा) जांभ्या चिऱ्याच्या रंगाचा येतो. ज्येष्ठातल्या एका लग्नाच्या जादा पत्रिका न्यायला आलेल्या वहिनींनी केसातला वळेसर काढून पत्रिकेवर ठेवला आणि म्हणाल्या, "बाब, ही अबोली न्हय." त्यांचं बरोबर होतं.

तेव्हा आम्ही केलं ते बहुतेक जण करतात: नवं प्रोफाइल, म्हणजे आपलं मशीन कोणता रंग कसा छापतं त्याची नोंद असलेली फाइल, बनवलं. रंगीत चौकोनांचा चार्ट छापला, स्पेक्ट्रोने (रंग मोजायच्या यंत्राने) एकेक ओळ वाचली, दोन संध्याकाळी त्यात गेल्या. नव्या प्रोफाइलने अबोली विटकरी राहिली नाही, पण आता ती फिकट पिवळट आली. पुन्हा चार्ट, पुन्हा प्रोफाइल, पुन्हा पिवळट. कागद बदलला, टोनर बदलला. शेवटी सगळं थांबवून रंग फाइलपासून कागदापर्यंत कुठून कुठे जातो ते कागदावर आखलं, तेव्हा उलगडा झाला. पहिल्या वेळी कॅलिब्रेशनचा कर्व्ह, म्हणजे मशीनला द्यायचे शाईचे टक्के कमीजास्त करणारी दुरुस्ती, शिळा झाला होता. दुसऱ्या वेळी तोच कर्व्ह दोन ठिकाणी लागत होता. प्रोफाइल दोन्ही वेळा निर्दोष होतं.

हा घोटाळा स्क्रीनवरही होतो, प्रिंटरवरही होतो, आणि डिझायनर आणि छपाईवाले एकमेकांना दोष देत बसतात. म्हणून आमची तपासणीची पद्धत सविस्तर लिहितो आहे. आम्ही आर्गिल सीएमएस वापरतो. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेम गिल यांनी लिहिलेलं हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं आणि कमांड लिहून चालवावं लागतं. दुसरं काही वापरत असाल तरी तर्क तोच.

कर्व्ह वेगळा, प्रोफाइल वेगळं

आपल्याकडे भजनाला बसलेल्या कुणालाही हे पटकन कळेल. पावसाळ्यात हवा दमट झाली की तबल्याची पुडी सैल पडते आणि तबला उतरतो. हातोडी घेऊन तो पुन्हा सुरात लावावा लागतो. कॅलिब्रेशन म्हणजे हे लावणं. प्रोफाइल म्हणजे "हा तबला काळी चारमध्ये लावलेला आहे" अशी गवयाच्या हातात दिलेली चिठ्ठी. गवई चिठ्ठी वाचून गातो. तबला उतरला तर चिठ्ठीतलं एक अक्षरही न बदलता ती खोटी ठरते. अशा वेळी नवी चिठ्ठी लिहिता येते, पण मग प्रत्येक सरीनंतर नवी लिहावी लागेल. तबला पुन्हा काळी चारमध्ये आणणं सोपं आणि टिकाऊ.

छपाईच्या भाषेत सांगायचं तर कर्व्ह प्रत्येक रंगाला स्वतंत्रपणे सरळ करतो. सायनचा (निळसर) एक, मॅजेंटाचा (गडद गुलाबी) एक, पिवळ्याचा एक, काळ्याचा एक. एका रंगाचा दुसऱ्याशी काय संबंध, ते त्याला ठाऊक नसतं. प्रोफाइलला ते ठाऊक असतं: अमुक सायन, तमुक मॅजेंटा एकत्र आले की डोळ्याला कोणता रंग दिसतो याचा तो नकाशा. तो नकाशा मोजताना यंत्र ज्या अवस्थेत होतं, त्या अवस्थेपुरताच तो खरा. म्हणून कुठलंही प्रोफाइल हातात आलं की पहिला प्रश्न विचारायचा: हे मोजलं तेव्हा कर्व्ह लागलेला होता की नव्हता, आणि कोणता?

आधी टोकं बघा

मशीन उघडण्याआधी, प्रोफाइलला हात लावण्याआधी एक पट्टी छापा. प्रत्येक शाईची ० ते १०० टक्के, दहा-दहाच्या पायऱ्यांनी. शेजारी सायन-मॅजेंटा-पिवळा मिळून केलेला राखाडी आणि त्याला लागून फक्त काळ्याचा राखाडी. आम्ही त्यात अबोलीचा एक चौकोन ठेवतो: मॅजेंटा ५०, पिवळा ७०. मे महिन्यातली हीच पट्टी आमच्याकडे काळ्या कागदाच्या पाकिटात ठेवलेली असते.

आता दोन्ही शेजारी ठेवून फक्त १०० टक्क्यांचे चौकोन बघा. ते जुळत नसतील तर कर्व्हचा विषय इथेच बाजूला ठेवा. टोनर, ड्रम, फ्यूजर, ओला झालेला कागद यांपैकी काहीतरी आहे, आणि ते आधी दुरुस्त करावं लागेल. मशीनचं स्वतःचं आतलं कॅलिब्रेशनही याच टप्प्यावर चालवून घ्या. पूर्ण भरलेला रंग फिका पडला असेल तर कुठलाही कर्व्ह त्याला गडद करू शकत नाही. १०० च्या वर द्यायला त्याच्याकडे काही नसतं.

टोकं जुळतात, कोरा कागदही तसाच, आणि ३० ते ७० टक्क्यांमधले चौकोन मात्र गडद किंवा फिके: हे कर्व्हच्या गडबडीचं लक्षण. छपाईच्या कर्व्हची दोन्ही टोकं सहसा बांधलेली असतात, ० चं ० आणि १०० चं १०० किंवा त्याच्या जवळपास राहतं. त्याचा मुख्य परिणाम मधे दिसतो.

किती दिसतो, ते आकड्यांत बघू. समजा मशीन मधले ठिपके इतके फुगवतं की ५० टक्के हवे असतील तर ४० च पाठवावे लागतात. म्हणजे कर्व्ह ५० चे ४० करतो आणि त्याच वळणाने ७० चे साधारण ६२. तोच कर्व्ह चुकून पुन्हा लागला तर ४० चे ३० होतात आणि ६२ चे ५४. आता अबोलीकडे वळा. मॅजेंटा ४० वरून ३० वर आला, म्हणजे पाव भाग गेला. पिवळा ६२ वरून ५४ वर आला, म्हणजे जेमतेम आठवा भाग गेला. मॅजेंटा जास्त गळला, म्हणून अबोली फिकट तर झालीच, वर पिवळ्याकडे सरकली. उलट कर्व्ह लागलाच नाही तर मॅजेंटा पाव भाग जास्त पडतो, पिवळा आठवा भाग जास्त, आणि अबोली लालसर-विटकरी होते. शिळा कर्व्ह यांच्या अधेमधे कुठेतरी नेतो. आमच्या पत्रिकेत जे दोन वेगळे दोष वाटत होते ते एकाच चुकीची दोन तोंडं होती.

अबोली, शेवंतीची जांभळट छटा, त्वचेचा रंग, चिऱ्याची भिंत हे सगळे मधल्या टक्क्यांत राहणारे रंग आहेत, म्हणून तक्रार त्यांच्याबद्दल येते. कुंकवाचा भरगच्च लाल १०० च्या जवळ असतो, त्याला फारसं काही होत नाही. जत्रेच्या लाल-पिवळ्या पत्रिकांबद्दल आमच्याकडे कधीच कुणी बोललं नाही, याचं कारण हेच.

दोन कागद आणि एक आकडा

कर्व्ह राहू शकेल अशा जागा छपाईत तीन असतात: रिपचं (फाइलचे छपाईचे ठिपके करून मशीनला देणाऱ्या सॉफ्टवेअरचं) लिनियरायझेशन, म्हणजे कर्व्ह लावायची त्याची सोय, खुद्द प्रोफाइल, आणि कधीकधी चार्टची किंवा कामाची फाइल, जिच्यातले आकडेच आधी बदललेले असतात. तीनपैकी नेमक्या एकाच जागी तो हवा.

पहिला कागद: रिपमधलं लिनियरायझेशन बंद, कलर मॅनेजमेंट पूर्ण बंद, वरची पट्टी छापा. दुसरा कागद: लिनियरायझेशन चालू, कलर मॅनेजमेंट तसंच बंद. दोन्हींचा ५० टक्क्यांचा मॅजेंटा शेजारी ठेवा. फरक दिसला तर रिप कर्व्ह लावतं आहे. फरक नाहीच, तर बटण चालू दिसत असलं तरी त्या कागदासाठी कर्व्ह भरलेलाच नाही. हे आमच्याकडे एकदा झालं होतं: रिपमध्ये नवा मीडिया (कागदाची नोंद) बनवला आणि त्याचं लिनियरायझेशन रिकामं राहिलं. एक खबरदारी महत्त्वाची. रोजचं काम ज्या क्यूमधून (मशीनकडे पाठवायच्या रांगेतून) जातं त्याच क्यूमधून चाचणी करा. आमची सगळी चूक तिथे होती. चार्ट छापायच्या क्यूमध्ये लिनियरायझेशन बंद होतं, कामाच्या क्यूमध्ये चालू.

मग आकडा. फोटोशॉपमध्ये लॅब मोडची (डोळ्याला दिसणारा रंग आकड्यांत मांडणारी) फाइल घ्या आणि एका चौकोनात अबोलीसारखा एक रंग भरा. तिची प्रत काढून ती संशयित प्रोफाइलमध्ये कन्व्हर्ट करा आणि इन्फो पॅलेटमध्ये आलेले टक्के वाचा. दुसरी प्रत, ज्यात कर्व्ह घातलेला नाही अशी खात्री असलेल्या मूळ प्रोफाइलमध्ये कन्व्हर्ट करा. मूळ प्रोफाइल मॅजेंटा ५० म्हणतं आणि संशयित ४० म्हणतं, तर संशयिताच्या पोटात कर्व्ह आहे. आर्गिलमध्ये एक्सआयसीसीएलयू या कमांडने हेच चटकन होतं, आणि अप्लायकॅलचा (प्रोफाइलमध्ये कर्व्ह घालणाऱ्या कमांडचा) स्मॉल सी हा पर्याय थेट तपासून सांगतो.

दोन्हीकडे "आहे" आलं तर कर्व्ह दुहेरी लागतो आहे. दोन्हीकडे "नाही" आलं तर यंत्र बिनलावलेलं चालू आहे. एकाच जागी असेल तर त्या जागेला हात लावू नका.

अप्लायकॅल काय करतं, आणि कुठे वापरू नये

नीट मार्ग असा. आधी चारही शायांच्या पायऱ्यांचा चार्ट. आम्ही प्रत्येकी ५० पायऱ्या घेतो. तो कच्च्या अवस्थेत छापून मोजायचा, आणि कर्व्ह काढणारी प्रिंटकॅल ही कमांड स्मॉल आय पर्यायासह चालवून कॅल फाइल (कर्व्हची फाइल) बनवायची. मग प्रोफाइलचा मोठा चार्ट. तो बनवताना प्रिंटटार्गला (चार्ट मांडणाऱ्या कमांडला) कॅपिटल के पर्यायाने ही कॅल फाइल दिली की चौकोनांच्या आकड्यांवर कर्व्ह आधीच चढतो, मग रिपचं लिनियरायझेशन बंद हवं. तुमचं रिप स्वतः कर्व्ह लावणार असेल तर कॅपिटल आय द्यायचा. त्याने कर्व्हची नोंद फाइलमध्ये राहते पण आकडे बदलत नाहीत. या दोन अक्षरांची अदलाबदल म्हणजे थेट दुहेरी कर्व्ह किंवा शून्य कर्व्ह. त्यानंतर चार्ट वाचायचा आणि कोलप्रॉफने प्रोफाइल करायचं.

हे प्रोफाइल "कर्व्ह लागलेल्या यंत्राचं" आहे. आता तुमच्या कामाच्या वाटेवर कर्व्ह लावायला जागाच नसेल, रिप नसेल किंवा त्याला बाहेरचा कर्व्ह घेता येत नसेल, तर अप्लायकॅल वापरायचं. त्याला कॅल फाइल, मूळ प्रोफाइल आणि नव्या फाइलचं नाव द्यायचं. ते प्रोफाइलच्या शेवटी, जिथे यंत्राला द्यायचे टक्के निघतात तिथे कर्व्ह जोडतं, आणि उलट दिशेच्या तक्त्याला उलटा कर्व्ह. झालेल्या प्रोफाइलमधून निघालेले टक्के थेट कच्च्या यंत्राकडे जाऊ शकतात. त्यामुळे कर्व्ह पोटात घेतलेलं प्रोफाइल रिपमध्ये भरलं की रिपचं लिनियरायझेशन बंद केलंच पाहिजे. आम्ही ते केलं नव्हतं.

त्याच कमांडचा स्मॉल यू पर्याय घातलेला कर्व्ह काढून टाकतो, आणि नवी कॅल फाइल देऊन पुन्हा चालवलं तर जुन्याच्या जागी नवा बसतो. तरी मूळ प्रोफाइलवर कधीच लिहू नका, नव्या नावाने ठेवा. आमच्या फाइलींची नावं आता अशी असतात: कागद, जीएसएम, महिना आणि शेवटी "कर्व्ह-आत" किंवा "कर्व्ह-बाहेर". हा शेवटचा शब्द नावात आल्यापासून निम्मे घोळ संपले. रात्री साडेनऊला काम घाईत पाठवणाऱ्या मुलालाही फाइल बघताच कळतं.

आणखी एक चूक फार वेळा दिसते. कागदाच्या कंपनीने किंवा मशीनवाल्यांनी दिलेलं तयार प्रोफाइल घ्यायचं, आपल्या मशीनचा कर्व्ह मोजायचा आणि अप्लायकॅलने तो त्यात घालायचा. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण ते प्रोफाइल तुमचा कर्व्ह लागलेल्या अवस्थेत मोजलेलं नाही. गवयाला दुसऱ्याच तबल्याची चिठ्ठी दिल्यासारखं होतं. कॅल फाइल आणि प्रोफाइल एकाच घरची हवीत.

फोटो छापायच्या इंकजेटची गोष्ट थोडी निराळी. तिथे ड्रायव्हर आरजीबी (लाल-हिरवा-निळा) मागतो आणि शायांची वाटणी आपल्या हातात नसते. मी तिथे कर्व्हच्या फंदात पडत नाही, फक्त प्रोफाइल करतो. तिथला दुहेरीपणा वेगळ्या दाराने येतो: फोटोशॉपही रंग सांभाळतं आणि ड्रायव्हरही सांभाळतो. फोटोशॉपने सांभाळायचं ठरवलं असेल तर ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती बंद करा.

स्क्रीन: इथे कर्व्ह गुपचूप गळून पडतो

मॉनिटरवर कर्व्हची जागा ग्राफिक्स कार्डात असते. लाल, हिरवा, निळा असे तीन कर्व्ह कार्डाच्या तक्त्यात भरले जातात. आयसीसी प्रोफाइलमध्ये व्हीसीजीटी नावाच्या टॅगमध्ये ते नुसते साठवलेले असतात. कुणीतरी ते उचलून कार्डात भरावे लागतात. फोटोशॉप प्रोफाइलचा बाकीचा भाग वाचतं, व्हीसीजीटीकडे बघतसुद्धा नाही. कर्व्ह भरलेला आहे असं ते गृहीत धरतं.

गोव्यात पावसाळ्यात वीज दिवसातून किती वेळा जाते ते इथल्या कुणाला सांगायला नको. संगणक झोपेतून उठला, पुन्हा सुरू झाला, प्रोजेक्टर जोडून काढला, ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट झाला, की कार्डातला तक्ता कोरा होऊ शकतो. सेटिंगमध्ये प्रोफाइल अजून डौलात दिसत असतं. स्क्रीनचा पांढरा मात्र निळसर झालेला असतो, आणि डिझायनर निळसरपणा बघून फाइल पिवळी करत राहतो. आमच्या एका जत्रेच्या पत्रिकेतला देवीचा चेहरा असाच पिवळा झाला होता. मला त्याचं फार वाईट वाटलं. डिझायनरची नजर चांगली होती, समोरची स्क्रीन खोटी बोलत होती.

तपासायला आर्गिलच्या डिस्पविन कमांडचा कॅपिटल व्ही पर्याय आहे: कार्डात आत्ता जे आहे ते प्रोफाइलमधल्या कर्व्हशी जुळतं का, ते सांगतो. कॅपिटल एल पर्याय कर्व्ह पुन्हा भरतो, स्मॉल सी कार्ड कोरं करतो. कमांड नको असेल तर डोळ्यांनी करा. राखाडी पट्टी पडद्यावर उघडा, कार्ड कोरं करा, पुन्हा भरा. दर वेळी पट्टीचा रंग हलला पाहिजे. कोरं केल्यावर काहीच हललं नाही तर कर्व्ह आधीच गळालेला होता.

विंडोजमध्ये कर्व्ह भरायची सोय आहे, पण ती चालू करावी लागते. कलर मॅनेजमेंटमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवर सिस्टम डिफॉल्ट बदलायचं बटण असतं. त्यातून उघडणाऱ्या खिडकीत पुन्हा अ‍ॅडव्हान्स्डवर विंडोजचं डिस्प्ले कॅलिब्रेशन वापरायची खूण करा. डिस्प्लेकॅल या सॉफ्टवेअरचा प्रोफाइल लोडर वापरत असाल तर तोच कर्व्ह भरतो आणि मधे मधे तपासतो, मला तो जास्त भरवशाचा वाटतो. दोघांपैकी एकच ठेवा. नाइट लाइट बंद करा. तो याच रंगव्यवस्थेत हात घालतो.

स्क्रीनवर दुहेरी कर्व्ह सहज होत नाही, कारण कार्डातला तक्ता एकच असतो आणि नवा भरला की जुना पुसला जातो. तरी तीन वाटांनी तो होतो. एक, अप्लायकॅलने कर्व्ह प्रोफाइलच्या पोटात घातला आणि तोच कार्डातही भरला जातोय. दोन, मॉनिटरला स्वतःचं आतलं कॅलिब्रेशन आहे, ते नव्याने केलं, पण जुन्या प्रोफाइलचा व्हीसीजीटी अजून भरला जातोय. तीन, कर्व्ह बनवला पण प्रोफाइल मोजताना डिस्परीडला (पडदा मोजणाऱ्या कमांडला) स्मॉल के पर्यायाने तो दिलाच नाही आणि कार्डही तेव्हा कोरं होतं. मग प्रोफाइल कच्च्या पडद्याचं आणि वर कर्व्ह, अशी खिचडी होते. पहिल्या दोन वाटांत दुहेरीची खूण म्हणजे पांढरा गरजेपेक्षा पिवळट आणि मंद दिसतो. निळसर म्हणजे नाही, जास्त पिवळट म्हणजे दोनदा, एवढं ध्यानात ठेवलं तरी दिशा मिळते. अर्थात तुमचा पडदा मुळात निळसर असेल तर. मुळातच पिवळट असेल तर खुणा उलट्या होतील.

स्क्रीनसाठी अप्लायकॅल मी एकदाच वापरलं. एका जुन्या संगणकावर दोन मॉनिटर होते आणि दोघांना मिळून कार्डात तक्ता एकच होता. मुख्य मॉनिटरचा कर्व्ह प्रोफाइलच्या पोटात घातला आणि कार्ड कोरं ठेवलं. फोटोशॉपमध्ये रंग बरोबर आला. डेस्कटॉप आणि रंग न सांभाळणारे बाकीचे प्रोग्राम मात्र कच्चेच दिसत राहिले, कारण त्यांच्यासाठी कर्व्ह लावणारं कुणी उरलं नव्हतं. हा तोटा माहीत असूनच हा मार्ग घ्यावा. शिवाय कर्व्हने निळ्याची कमाल खाली ओढली असेल तर त्याच्या वरच्या निळ्याला नव्या प्रोफाइलमध्ये जागाच नसते.

पावसाळ्यासाठी आम्ही बसवलेला क्रम

कागद मोजायच्या प्रमाणित हवेत तापमान २३ अंश आणि आर्द्रता ५० टक्के धरतात. जुलैत आपल्याकडे आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर जाते. उघडा ठेवलेला रीम रात्रीतून ओलावा ओढतो, टोनरचा भार बदलतो, ठिपका वेगळा बसतो. आमच्या मशीनवर तो जड बसतो, दुसऱ्या मशीनवर हलकाही बसेल. म्हणून रीम वेष्टनातच, लागेल तेवढाच बाहेर, आणि छपाईच्या खोलीत एसी दुपारी बंद करायचा नाही. विजेच्या बिलावरून घरात यावर बोलणं होतं, पण वाया गेलेल्या आर्ट पेपरचा हिशेब मांडल्यावर ते थांबलं.

पाऊस लागला की आम्ही आता प्रोफाइलला हात लावत नाही. फक्त पायऱ्यांचा छोटा चार्ट कच्चा छापतो, मोजतो आणि प्रिंटकॅल स्मॉल आर पर्यायाने चालवतो. तो आधीच्या कॅल फाइलमधलं लक्ष्य तसंच ठेवतो आणि तिथे पोचायला आज किती वळण लागेल तेवढं नव्याने काढतो. पहिल्यांदा स्मॉल आय वापरला होता तो इथे पुन्हा वापरला तर लक्ष्यच बदलेल आणि जुनं प्रोफाइल निकामी होईल. मिळालेली नवी कॅल फाइल एक तर रिपमध्ये भरायची किंवा अप्लायकॅलने "कर्व्ह-आत" प्रोफाइल नव्याने करायचं. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास. पूर्वी दोन संध्याकाळी जायच्या.

याला मर्यादा आहे. पूर्ण भरलेला रंग इतका घसरला की जुनं लक्ष्य गाठताच येत नाही, तर कर्व्ह पुरत नाही. मशीन दुरुस्त करून सगळं पहिल्यापासून करावं लागतं. गेल्या ऑगस्टमध्ये चवथीच्या तोंडावर मॅजेंटाचं असंच झालं. ड्रम बदलल्यावर लक्ष्य पुन्हा हाती आलं आणि जुनं प्रोफाइल चाललं. प्रिंटकॅलच्या स्मॉल ई पर्यायाने जुन्या कर्व्हशी पडताळणी करता येते. आठवड्यातून एकदा ती करून ठेवली की मोठं काम येण्याआधी घसरण कळते.

शाईच्या एकूण मर्यादेकडेही, म्हणजे एका जागी पडणाऱ्या चारही शायांच्या टक्क्यांच्या बेरजेकडेही, लक्ष ठेवा. प्रोफाइल बनवताना ३०० टक्के दिले आणि कर्व्हचा पत्ताच कोलप्रॉफला नसला, तर प्रत्यक्ष कागदावर पडणारी बेरीज वेगळी असते. टोनरमध्ये हे पत्रिकेच्या घडीवर दिसतं: गडद भाग घडीवर फुटतो. इंकजेटमध्ये वरचा कागद खालच्याला चिकटतो. पावसात इंकजेटचा चार्ट मी रात्रभर वाळवतो आणि सकाळी मोजतो; ओला मोजला की ते सगळं प्रोफाइल फुकट.

शेवटचं प्रकाशाचं. छापील नमुने पारखण्याच्या प्रमाणात, म्हणजे आयएसओ ३६६४ मध्ये, डी५० प्रकाश (दिवसाच्या उजेडासारखा प्रमाणित पांढरा) आणि बारकाईने तुलना करायला २००० लक्स सांगितले आहेत. आभाळ भरलेलं असताना दारातल्या उजेडात पत्रिका निळसर दिसते, ट्यूबलाइटखाली हिरवट. आम्ही एका कोपऱ्यात डी५० चा दिवा लावला, मागे राखाडी पुठ्ठा. गिऱ्हाइकाला पत्रिका तिथेच दाखवतो, आणि अबोलीचं काम असेल तर बाजारातून आणलेला ताजा वळेसर शेजारी ठेवतो. त्या वहिनींच्या धाकट्या मुलीची पत्रिका श्रावणात छापली, जूनमधल्या त्याच प्रोफाइलवर, नव्या कर्व्हने. वळेसर कागदावर ठेवला तेव्हा फूल कुठे संपतं आणि छापील कड कुठे सुरू होते ते त्यांनी दोनदा वाकून पाहिलं, आणि मग अ‍ॅडव्हान्सचे पैसे काढले.